आम्ही लावलेला गेरू

चंद्रपूरच्या त्या बागेत मुली जात नसत. बाग नगर परिषदेची, म्हणजे कागदावर सगळ्यांची. प्रत्यक्षात दुपारी ती झोपा काढणाऱ्या ऑटोवाल्यांची असे, कलत्या उन्हात पत्ते खेळणाऱ्यांची आणि दिवेलागणीला बाटल्या घेऊन येणाऱ्यांची. तळ्याकाठच्या वस्तीतल्या मुली बागेच्या भिंतीला लागून जाणाऱ्या रस्त्याने रोज ये-जा करत, पण त्यांच्यातल्या एकीनेही आतलं कारंजं पाहिलेलं नव्हतं. कारंजं बंदच होतं, ते सोडा. पण न पाहणं आणि पाहू न देणं यात फरक आहे, आणि त्या वयात मला असले फरक रात्रंदिवस दिसत.

मी तेव्हा बी.ए.ला होते. दोन हजार साल उलटून थोडा काळ झाला होता. वस्तीतल्या समाज मंदिरात मी संध्याकाळी मुलींचा वर्ग घेत असे. वस्ती मासे धरणाऱ्यांची. मुलींच्या आया सकाळी टोपल्या घेऊन बाजारात जात आणि दुपारी लोकांच्या घरी भांडी घासत. वर्ग भाऊंच्या संघटनेचा होता.

भाऊ म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. आमच्याकडे वयाने मोठ्या कुठल्याही माणसाला भाऊ म्हणतात, पण आमच्या घरात नुसतं ‘भाऊ’ म्हटलं की एकच माणूस. ते मूळचे सिरोंचाकडच्या एका जंगलातल्या गावचे. गडचिरोलीत त्यांनी लाकूडतोड्या मजुरांची संघटना बांधली होती. चंद्रपूरला आले की आमच्याच घरी उतरत. माझे बाबा कोळशाच्या खाणीत कामाला. आमच्या फळीवर गोष्टीची पुस्तकं नव्हती, भाऊंची पत्रकं होती: पिवळ्या, गुलाबी, हातात धरली की शाई सोडणाऱ्या कागदांची. मी त्यांच्यावरूनच वाचायला शिकले. ‘मजुरी’ हा शब्द मला ‘मगर’च्या आधी वाचता येत होता.

त्यातलं एक पत्रक मला अजून तोंडपाठ आहे. जंगलात कुठलं झाड पाडायचं ते मजूर ठरवत नाही. आधी खात्याची माणसं येतात, झाडाला गेरूचा पट्टा ओढतात, आकडा टाकतात आणि मग त्या झाडाला कुऱ्हाड लागते. ठेकेदार काय करायचे, तर पट्टा नसलेली झाडंही गुपचूप पाडून घ्यायचे. पकडलं गेलं की ठेकेदार घरी आणि मजूर कोठडीत. म्हणून भाऊंनी गावोगाव फिरून एकच गोष्ट सांगितली होती: पट्टा नाही, तर कुऱ्हाड नाही. मालक ओरडो, मजुरी बुडो, बिनपट्ट्याच्या झाडाला हात लावायचा नाही. गडचिरोलीकडच्या मजुरांत तो नियम इतका मुरला की पुढे तो नियम राहिलाच नाही, सवय झाली. झाडाजवळ गेलं की आधी हात पट्ट्यावर, मग कुऱ्हाडीवर.

त्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ बंगलोरहून आला. त्याची कंपनी बुडाली होती आणि त्याच्या बॅगेत फेकायच्या तीन तबकड्या होत्या. आमच्याकडे मुलं खेळायची त्या हलक्या प्लास्टिकच्या नव्हेत, जड, धारदार काठाच्या. त्याने मला खेळ समजावला. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची. जिथे पडेल तिथून परत फेकायची. असं करत करत निशाणापर्यंत पोचायचं, आणि ज्याच्या फेकी सर्वांत कमी तो जिंकला. तिकडे निशाण म्हणून साखळ्या लोंबणारी लोखंडी जाळी असते म्हणे. आमच्याकडे साखळ्याही नव्हत्या आणि जाळीही नव्हती. झाडं होती.

“अंपायर कोण असतो?” मी विचारलं.

“कोणी नाही. ज्याच्या फेकी त्यानेच मोजायच्या आणि त्यानेच सांगायच्या.”

मला तो खेळ तिथेच आवडला. पंच नाही, मैदान नाही, गणवेश नाही. तोपर्यंत मी एकही खेळ पाहिला नव्हता ज्यात हातात शिट्टी घेतलेला माणूस नाही.

मावसभावाला महिन्याभरात नोकरी लागली. तो गेला, तबकड्या मागून घेतल्या नाहीत. मी त्या वस्तीत नेल्या आणि वर्गातल्या मुलींना म्हटलं, चला बागेत.

“आई मारंन,” एक म्हणाली.

“कोणाची आई?”

“सगळ्यायचीच.”

ही बोलणारी वर्गातली सर्वांत आगाऊ मुलगी. अक्षर वाईट, तोंड चांगलं. तीच पहिल्यांदा आत शिरली. तबकडी हातात घेऊन तिने उलटीपालटी केली आणि म्हणाली, “ताई, हे तर गंजावरचं झाकण हाय. आमच्या घरी असतं तर मायनं भातावर ठेवलं असतं.” गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. त्यानंतर आमच्यात तबकडीचं नाव झाकणच पडलं. “झाकण कोणाकडे हाय?” “झाकण चिंचेवर अटकलं वो!”

आतल्या बाजूची नऊ झाडं आम्ही निवडली. पहिलं कडुनिंब, मग कारंज्याला वळसा घालून शिरीष, मग दोन करंज, असं करत शेवटचा मोह. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून छातीच्या उंचीवर खोडाला बांधल्या. चिंधीला तबकडी लागली की झाड जिंकलं. मोहाचं झाड सर्वांत अवघड, कारण मध्ये पत्ते खेळणाऱ्यांचा ओटा होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या आठवड्यात आगाऊ मुलीची तबकडी त्यांच्या डावाच्या मधोमध पडली आणि राजा, राणी, गुलाम सगळे उडाले.

“काय वो, दिसत नाई का?” एक म्हातारा उठून उभा राहिला.

“दिसते न. तुमच्याजवळ एक्का नवता, थेही दिसला,” ती म्हणाली.

बाकीचे पत्तेवाले इतके हसले की म्हातारा खाली बसला. त्या दिवसापासून ते ओट्याच्या पलीकडच्या टोकाला सरकले. बाटलीवाल्यांना मात्र हसवून हलवता आलं नाही. त्यांच्यासाठी मुलींच्या आया आल्या. भांड्यांची कामं आटोपून पाच-सहा बायका रोज दिवेलागणीला बागेत येऊन बसू लागल्या. बोलायच्या काही नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. बघत असलेल्या बाईसमोर पिणं जड जातं. पाऊस सुरू व्हायच्या सुमारास बाग संध्याकाळी मुलींची झालेली होती. हे मी कुठल्याही पत्रकात न वाचता घडताना पाहिलं, आणि माझ्या आयुष्यात मी स्वतः घडवलेली ती पहिली गोष्ट होती.

भाऊ त्या आधीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून नगरसेवक झाले होते. आम्हीच घरोघरी हिंडून त्यांना निवडून आणलं होतं. त्यांनी आता चंद्रपुरातच खोली घेतली होती. एका संध्याकाळी ते बागेत आले, बायकांच्या शेजारी गवतात बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “आण इकडे तुयं झाकण.”

त्यांची फेक भयंकर होती. तबकडी एकदा मागेच गेली आणि बायकांना उठून पळावं लागलं. मुली पोट धरून हसल्या. पण पहिल्या झाडाशी पोचल्यावर त्यांनी मोठ्याने सांगितलं, “अकरा.”

“दहा झाल्या भाऊ, एक तं मागं गेली,” आगाऊ मुलगी म्हणाली.

“मागं गेली तरी फेकली ना? अकरा.”

मला तेव्हा भरून आलं होतं, हे लिहायची आज लाज वाटत नाही. ते नेहमी खेळायला येत आणि नेहमी हरत, आणि एकही फेक त्यांनी कधी लपवली नाही. बायकांना सांगत, “हा आपला खेळ हाय. पंच नाई, मालक नाई.” माझंच वाक्य ते माझ्यापेक्षा चांगलं म्हणत.

पावसाळ्यात शहरात बोलवा उठली की बागेची रस्त्याकडची बाजू मोकळी करून तिथे दुकानांचे गाळे बांधणार आहेत. त्या बाजूला जुनी झाडं ओळीने होती: चिंच, बेहडा, दोन मोठे शिरीष, आणखी काही. चंद्रपूरचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला त्या सावलीची किंमत सांगायला नको. आणि ती ओळ होती म्हणून रस्त्यावरून आत काय चाललंय ते दिसत नसे. आया मुलींना खेळू देत होत्या त्याचं अर्धं कारण ते होतं.

मी भाऊंकडे गेले. त्यांनी मला चहा दिला.

“गाळ्यायचं बोलून राह्यले न लोक?”

“हो. खरं हाय का?”

“मी असतांना?” ते म्हणाले.

एवढंच. मला एवढंच पुरलं. मी घरी येताना गाणं म्हणत आले असेन.

पाऊस ओसरल्यावर भाऊ एकदा खेळता खेळता म्हणाले की नऊच झाडं काऊन? रस्त्याकडची ओळही घ्या खेळात. तिथे खेळणारी माणसं दिसली की कोणाची हिंमत होणार नाही. मला ते पटलं. जागा वापरात असली की ती काढून घेणं अवघड जातं, हे मी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. मुली चिंध्या फाडायला लागल्या, तर भाऊ म्हणाले, “चिंध्या काऊन बांधून राह्यल्या? बकऱ्या खाऊन टाकतेत. गेरू लावा. पट्टा ओढा चांगला, आकडा टाका. जंगलात टाकतेत तसा, एक वर, एक बुडाशी. दिसला पाहिजे.”

गेरू त्यांनीच आणून दिला. दिवाळी जवळ आली होती, बाजारात ढीग होते.

आम्ही दोन दिवस लावत होतो. आगाऊ मुलीचे आकडे वाकडे येत, म्हणून तिला पट्टे दिले. तिच्या कोपरापर्यंत हात लाल झाले होते. मध्येच ती थांबली.

“ताई, ह्या झाडायले आता कूपवाले तं नाई येतीन?”

कूप म्हणजे जंगलाचा तोडीला काढलेला तुकडा. वस्तीतल्या मुलींचे मामा, आत्या सगळे मूल, सावली या तालुक्यांतल्या जंगलाकाठच्या गावांत होते, त्यांना पट्ट्याचा अर्थ ठाऊक होता. मलाही होता. मी हसले आणि भाऊंकडे बघितलं.

भाऊही हसले. “आले तर मायं नाव सांग,” ते म्हणाले.

मग एका सकाळी भाऊंनी मला आणि संघटनेतल्या पोरांना चिमूरला पाठवलं. तिथे आठवडी बाजारात पत्रकं वाटायची होती. पत्रकं मजुरीबद्दल होती, त्यांनीच लिहिलेली, छान होती. आम्ही जीपमध्ये कोंबून बसून गेलो, दिवसभर वाटली, भजी खाल्ली, घोषणा दिल्या. परत येईस्तोवर सूर्य कलला होता. जीप बागेच्या रस्त्याने वळली आणि मला कळेना आपण कुठे आलो. रस्ता चुकल्यासारखं वाटलं. उजेड फार होता.

रस्त्याकडची ओळ नव्हती. एकही झाड नव्हतं. फांद्या एका बाजूला रचलेल्या, ओंडके ओळीने मांडलेले, आणि त्यांच्या पलीकडे आमची बाग उघडी पडलेली, ओटा, कारंजं, पत्तेवाले, सगळं. आतली नऊ झाडं जशीच्या तशी उभी होती, चिंध्यांसकट. कुऱ्हाड फक्त गेरूच्या मागे गेली होती. ओंडक्यांवर आमचे आकडे होते. माझ्या हातचा चार मला ओळखू आला.

मजूर अजून तिथेच होते, दोर गुंडाळत. गडचिरोलीकडचे. मी त्यांच्या मुकादमावर धावून गेले. कोणी सांगितलं? कोणाच्या हुकमाने? तो पन्नाशीचा, शांत माणूस होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अगदी साधं विचारते आहे.

“मार्किंग झालं होतं न बाई. पट्टा नसता तर आमी हात लावला नसता. आतल्यायले लावला का?” त्याने चिंध्यांच्या झाडांकडे बोट केलं. मग अभिमानाने म्हणाला, “आमी भाऊच्या संघटनेतले हावो.”

मी वस्तीत गेले. आगाऊ मुलीची आई अंगणात मासे साफ करत होती. मी तिला विचारलं की तुम्ही एवढ्या बायका, एक जण तरी आडवी का गेली नाही. बाटलीवाल्यांना तुम्ही घालवलं, मग कुऱ्हाडवाल्यांना का नाही.

“आमी गेलो होतो न,” ती म्हणाली. “इचारलं बी. त्यायनं पट्टे दाखवले. आता पट्टे तं तूच लावले. आमच्या पोरींनी लावले. भाऊनं गेरू देल्ला. आमाले वाटलं तुमचं ठरलं असंन.” तिने माझ्याकडे वर बघितलं. “ठरलं नवतं का?”

“नाही.”

“मग आमच्या पोरींच्या हातून काऊन करून घेतलं?”

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. आगाऊ मुलगी दारात उभी होती. मला बघून तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

भाऊ त्यांच्या खोलीवर होते. मी गेले तेव्हा दोघे-तिघे बसलेले होते, त्यांनी त्यांना जायला सांगितलं. म्हणजे मी येणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चहा टाकायला घेतला.

“चहा नको,” मी म्हटलं.

“बस तरी.”

“मजूर बिनपट्ट्याच्या झाडाला हात लावत नाहीत, हे तुम्हाले माहीत होतं.”

“मीच शिकवलं त्यायले.”

“म्हणून पट्टे लावायला लावले.”

त्यांनी स्टोव्ह बंद केला.

“आमच्याकडून काऊन भाऊ? दुसऱ्या कोणाकडून लावून घ्यायचे होते.”

“दुसऱ्यानं लावले असते तं तू ओरडली असती. वस्ती उठली असती.” ते अगदी सरळ बोलत होते, एखाद्या वर्गात समजावतात तसं. “हे बघ. ठराव सभेत आला. माया हात वर नसता गेला तरी तो पास होत होता. गाळे होणारच होते. माया हात वर गेला म्हणून त्यातले काही आपल्या वॉर्डातल्या पोरायले भेटतेत. रोज माया दारात बसून राह्यतेत ते, तुले दिसत नाई? तुये खेळणारे दिसतेत तुले. न कमावणारे नाई दिसत.”

“मग हे आम्हाला सांगायचं होतं.”

“सांगतलं असतं तं तू जाऊन झाडाले मिठी मारून बसली असती.”

“हो. बसले असते.”

“म्हणून,” ते म्हणाले.

लहानपणापासून मी या माणसाशी वाद घातले होते आणि दरवेळी काहीतरी शिकून उठले होते. त्या दिवशीही शिकले. मला कळलं की त्यांना आमच्याबद्दल सगळं माहीत होतं. मजूर कशाला हात लावत नाहीत ते माहीत होतं. वस्ती कोणावर विश्वास ठेवते ते माहीत होतं. मी कुठल्या शब्दावर घरी जाईन ते माहीत होतं. शत्रूला आपलं एवढं माहीत नसतं. एवढं माहीत व्हायला माणूस आपल्या ताटात जेवलेला असावा लागतो. मजुरांच्या गळ्यातला फास सोडवायला जो नियम त्यांनी बांधला, तोच नियम त्यांनी वापरला, आणि त्या बिचाऱ्यांना तो पाळल्याचा अभिमान होता.

मी उठले तेव्हा ते म्हणाले, “पत्रक काढशील. काढ. तुले येते.”

मी लिहायला बसले आणि मला लिहिता येईना. पहिलं वाक्य उमटलं, ते त्यांचं होतं. दुसरं खोडून लिहिलं, तेही त्यांचं. प्रश्नाने सुरुवात करायची, मग घटना सांगायची, मग ‘आपण’ म्हणायचं, हे सगळं मी त्यांच्याकडून उचललेलं होतं. त्यांच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे त्यांचंच तोंड होतं. शेवटी मी सगळं फाडलं आणि आईला सांगावं तसं लिहिलं. झाडं कुठली होती, गेरू कोणी आणला, आकडा बुडाशी टाका असं कोणी सांगितलं, आम्हाला चिमूरला कोणी पाठवलं, मुकादम काय म्हणाला. बाबांनी वाचलं. मग म्हणाले, “यातलं काही खोटं असंन तर आत्ता सांग.” मी म्हटलं, नाही. त्यांनी फळीवरची भाऊंची पत्रकं उतरवली नाहीत. पण त्यानंतर भाऊ आमच्याकडे जेवायला आले नाहीत आणि बाबांनी त्यांना बोलावलं नाही.

वर्ग मात्र मोडला. मुली एक-एक करून यायच्या बंद झाल्या. मी त्यांच्या घरी गेले की आया पाटावर बसवत, पाणी देत आणि काहीतरी कारण सांगत. आगाऊ मुलीच्या आईने कारण सांगितलं नाही. “तुया राग नाई येत वो,” ती म्हणाली, “पण तुमी त्यायचेच ना शेवटी. आमाले कसं कळावं, उद्या पोरींच्या हातून काय करून घ्याल ते.” गाळ्यांसाठी रेती, गिट्टी येऊन पडली. बाग रस्त्यावरून सरळ दिसायला लागली. ट्रकवाले, मिस्त्री, येणारे-जाणारे थांबून मुलींकडे बघू लागले. थोडे दिवस मुली मोहाच्या बाजूला दाटीवाटीने खेळल्या, मग तेही थांबलं. बाटल्या परत आल्या.

पत्रक मी बसस्टँडवर वाटलं. छापखानेवाल्याने दोनदा विचारलं होतं, नाव टाकायचं का. मी माझं नाव टाकलं होतं, खाली, मोठ्या अक्षरात. लोक घेत होते, काही वाचत होते, काही त्यावर चिवडा घेऊन खात होते. पत्रकाचं असंच असतं. गडचिरोलीच्या गाडीत मी मुद्दाम चढून एकेका सीटवर ठेवलं.

खाली उतरले तर समोर भाऊ. एकटेच होते. हात पुढे केला.

“दे एक.”

मी दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि तिथेच, हमाल आणि फुटाणेवाल्यांच्या गर्दीत, उभ्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. कुठेही घाई केली नाही. मी त्यांचा चेहरा बघत होते. लाजतील, चिडतील, फाडतील, काहीतरी करतील. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

“बरोबर लिहिलं,” ते म्हणाले. “सगळं झालं तसंच हाय. फक्त शेवटचा परिच्छेद काढ.”

“काऊन?”

“तोपर्यंत तू सांगून राह्यली. शेवटी तू रडून राह्यली. लोक रडणाऱ्याची दया करतेत, ऐकत नाई त्याचं.”

ते गर्दीतून निघून गेले. मी बाकावर बसून माझं पत्रक काढलं आणि शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात विश्वास हा शब्द फार वेळा होता. लहानपणी मला कोणी वाचायला शिकवलं, कोणाच्या मांडीवर बसून मी अक्षरं लावली, आणि त्याच माणसाने, असं सगळं त्यात होतं. गाळ्यांशी, झाडांशी, वस्तीशी त्याचा काही संबंध नव्हता. भाऊंचं म्हणणं खरं होतं. इतकं खरं की त्या क्षणी मी झाडांसाठी रडले नव्हते तेवढी रडले.

महिन्याभराने पत्रक पुन्हा छापायची वेळ आली, कारण मूलकडच्या काही मजुरांनी मागवलं होतं. छापखानेवाल्याने जुना खिळा, म्हणजे जुळवलेली शिशाची अक्षरं, अजून मोडला नव्हता. “काही बदल?” त्याने विचारलं. मी खुर्चीत बसले, पेन घेतलं आणि शेवटचा परिच्छेद परत एकदा नीट वाचला. वाईट होता, पण त्यातलं एकही वाक्य भाऊंचं नव्हतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “आहे तसं छापा.”